उसना उजवा हात

कासाराच्या घरात बांगडी फुटली असं म्हणत नाहीत, वाढवली म्हणतात. त्या हिशेबाने मी माझं उजवं मनगट वाढवलं. फळीवरचा खोका काढायला स्टुलावर चढले, स्टूल कलंडलं, आणि अठ्ठावन्न वर्षांची वैजयंता कोळपकर दुकानाच्या फरशीवर आली. खोका डाव्या हाताने उंच धरून ठेवला होता. आत बारा डझन हिरवी काच, एकीला ओरखडा नाही. उजवा हात टेकला तो मात्र कर्रकन वाजला.

आमचे हे खुर्चीत पेपर वाचत होते.

"काय पडलं गं?"

"मी पडले."

"आणि खोका?"

"खोका धड आहे."

"मग हरकत नाही," म्हणाले आणि पान उलटलं. मग आपण काय ऐकलं ते डोक्यात शिरलं, तसे चष्मा टाकून धावत आले. चौतीस वर्षांचा संसार हा असा.

मनगटाला पळीसारखा बाक आला होता. दुखत तर होतंच, पण माझ्या डोळ्यांपुढे आधी कॅलेंडर उभं राहिलं. जुईच्या, माझ्या एकुलत्या एका लेकीच्या लग्नाला बरोबर पाच आठवडे राहिले होते. करमाळ्यात आणि आसपासच्या खेड्यांत किती नवऱ्या मुलींचा चुडा मी भरला असेल, गणती नाही. प्रत्येकीचा हात हातात घेताना मनात एकच यायचं, माझ्या जुईचा हात असा कधी धरेन! पोरगी पाळण्यात होती तेव्हापासून मी त्या दिवसाची वाट बघत होते.

ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगते. चुडा भरणं म्हणजे बांगडी नुसती हातात ढकलणं नव्हे. डाव्या हाताने गिऱ्हाइकाचा पंजा धरायचा, अंगठ्याच्या मुळाशी दाबून सगळी हाडं जवळजवळ आणायची, आणि ती मऊ पडली की उजव्या अंगठ्याने बांगडी अलगद वर लोटायची. बघणाऱ्याला वाटतं ही काही चढायची नाही, आणि ती चढते. अंगाबरोबर बसलेली काच कशी किणकिणते ते ऐकावं! आता दोन हजार चव्वेचाळीस सालात बाजारात उघडमिटीच्या बांगड्या आल्यात. कळ दाबली की उघडतात, सोडली की मिटतात. आवाज म्हणाल तर डब्याच्या झाकणाचा.

तालुक्याच्या हाडांच्या दवाखान्यात मृण्मयी खराडे नावाची डॉक्टर आहे. गॅदरिंगला नाचायची तेव्हा माझ्याकडूनच बांगड्या भरून जायची, आता हाडं जोडते. तिने फोटो काढले, स्कॅन केलं आणि पडद्यावर माझं मनगट फिरवून दाखवलं.

"मावशी, अंगठ्याच्या बाजूचं मोठं हाड टोकाशी चार तुकड्यांत मोडलंय. नुसतं प्लास्टर घातलं तर आत्ता बसेल, आठ दिवसांत पुन्हा सरकेल. आम्ही याला अस्थिर मोड म्हणतो. ऑपरेशन लागणार."

"कर की मग. वाट कसली बघतेस?"

"कुठलं करायचं ते ठरवायला नको? एक, बाहेरून तारा घालून तुकडे अडकवायचे आणि वर सहा आठवडे प्लास्टर. दोन, हाताच्या बाहेर चौकट लावायची आणि तिने मनगट ताणून धरायचं. तीन, तळहाताच्या बाजूने उघडून प्लेट आणि स्क्रू. आणि चौथा प्रकार नवा आहे, हाडाचा डिंक. समुद्रातल्या शिंपल्या खडकाला ज्या चिकाने चिकटतात, त्या धर्तीवर केलेला. सुईएवढ्या भोकातून तुकड्यांमध्ये सोडायचा. पुढे शरीर त्याला हळूहळू खाऊन टाकतं आणि त्याच्या जागी स्वतःचं हाड घालतं."

"यातलं चांगलं कोणतं?"

"पूर्वी डॉक्टर अंदाजाने सांगायचे. आता प्रतिहात सांगतो."

प्रतिहात म्हणजे काय, हे तिने फार छान समजावलं. स्कॅनवरून यंत्र आपल्या हाताची जशीच्या तशी नक्कल तयार करतं. हाडं किती पोकळ, शिरा कुठून जातात, स्नायूंत ताकद किती, सगळं मोजून. मग त्या नकलेवर चारही ऑपरेशनं करून बघतं आणि प्रत्येक हाताला दहा वर्षं जगायला लावतं. आपली चाळीस मिनिटं, त्याची दहा वर्षं. पण हात दहा वर्षं नेमकं काय करणार, हे त्याला कळायला हवं. लोहाराचा हात वेगळा, शिंप्याचा वेगळा. त्यासाठी पन्नाशीवरच्या सगळ्यांना वाटलेला बँड. मनगट किती वळलं, कुठे किती जोर लागला, सगळं तो टिपून ठेवतो.

"तुमचा दोन वर्षांचा बँड अगदी भरलेला आहे, मावशी," मृण्मयी कौतुकाने म्हणाली. "एक दिवस खाडा नाही. असे पेशंट मिळत नाहीत."

आमचे हे एकदम छताचा पंखा बघायला लागले.

चाळीस मिनिटांनी यंत्राने निकाल दिला. प्लेट, शंभरात शहाण्णव. दुसऱ्या आठवड्यापासून मनगट हलवायचं, चौथ्यात हलकं काम. मी मनातल्या मनात देवीला साडी बोलले. जुईने तर तिथेच नवऱ्या मुलाला फोन लावला. परवा ऑपरेशन ठरलं.

"दहा वर्षांचा हात बघायचाय?" मृण्मयीने विचारलं आणि पडदा चालू केला.

पडद्यावर माझा हात. प्लेट बसवलेली. हात उठला, कपबशी उचलली. पेपरचं पान उलटलं. पुन्हा कपबशी. कान खाजवला. मला वाटलं, आता बांगडी भरेल, मग भरेल. छे! पुन्हा कपबशी. मग हाताने काहीतरी चपटं उचललं, करंगळी वर केली आणि मनगटाला झटका देऊन ते खाली आपटलं.

तो झटका मी चौतीस वर्षं पाहिलाय. राणी टाकताना असा झटका देणारा माणूस अख्ख्या करमाळ्यात एकच आहे.

"अहो," मी म्हटलं.

"अगं, त्याचं काय झालं..."

"माझा बँड तुम्ही घालत होता?"

झालं होतं ते असं. काम करताना कासारीण उजव्या मनगटात काहीही ठेवत नाही. काचेला लागतं, गिऱ्हाइकाला टोचतं. लग्नाच्या दुसऱ्याच दिवशी सासूबाईंनी माझं मंगळसूत्रसुद्धा पाठीवर सरकवून मला दुकानात बसवलं होतं. मग बँडची काय कथा? सकाळी दुकान उघडलं की मी तो काढून खुंटीला अडकवायची. पण तो मेला दर अर्ध्या तासाने ओरडायचा, हात हलवा, हात हलवा. ह्यांना पत्ते खेळताना त्रास व्हायला लागला. तेव्हा ह्यांनी तो आपल्या उजव्या हातात चढवला. डाव्यात स्वतःचा, उजव्यात माझा. बँड गप्प, सगळे खूष. आणि मीही कधी विचारलं नाही, खुंटीवरचा ओरडायचा कसा थांबला म्हणून.

मृण्मयी आधी पोट धरून हसली. मग तिचा चेहरा उतरला. "म्हणजे यंत्राने हाडं तुमची घेतली आणि आयुष्य काकांचं. हा शहाण्णवचा आकडा काकांचा आहे, मावशी. तुमचा किती, मला ठाऊक नाही."

"माझाही तेवढाच असेल की!"

"बांगडी भरताना अंगठा कसा वाकवता? दाखवा डाव्याने."

मी दाखवलं. तिने तो अंगठा हातात घेऊन वाकवून पाहिला. म्हणाली, "तुमच्या हाडाचा एक तुकडा अगदी काठावरचा आहे. त्याला धरायचं तर प्लेट अगदी कडेला बसवावी लागणार. आणि अंगठा वाकवणारी दोरी नेमकी त्या कडेवरूनच जाते. विहिरीच्या काठावर दोर घासतो ना, तशी घासेल. काकांचा अंगठा दिवसभरात करतो काय? कपाचा कान धरतो. तुमच्या अंगठ्याचं मला मोजून बघायला हवं. उजव्याने काम करतानाचा व्हिडिओ आहे?"

"माझे व्हिडिओ कोण काढतंय गं?"

"तसाही व्हिडिओत जोर दिसत नाही. हातमोजा घालून मोजावं लागेल. तुमच्यासारखंच भरणारं दुसरं कोणी आहे? अगदी तुमच्याच पद्धतीने?"

मी जुईकडे पाहिलं. जुईने फोनकडे. शेवटी आमच्या ह्यांनी ते नाव घेतलं. "कांचन आहे."

कांचन माझी धाकटी जाऊ. दिरांची बायको. सासूबाईंनी आम्हा दोघींना एकाच पाटावर बसवून शिकवलं, एकमेकींच्या हातांवर. तिचा दाब आणि माझा दाब डोळे मिटून ओळखू येणार नाही असा. आठ वर्षांपूर्वी दीर गेले. दोन महिन्यांनी कांचन पुन्हा दुकानात येऊन बसली. त्या दिवशी एका नवरीची मंडळी आली होती, दुकान भरलेलं, आणि कांचनने सवयीने त्या मुलीचा हात हातात घेतला. आणि मी, उचलली जीभ लावली टाळ्याला, सगळ्यांदेखत म्हणाले, "कांचन, तू राहू दे. चुडा आहे तो, तुझा हात नको."

एवढंच. कागदावर त्या असल्या प्रथा केव्हाच बंद झाल्या होत्या, ग्रामसभांनी ठराव केले होते. पण ठराव काही माझ्या जिभेवर नव्हता. कांचनने त्या मुलीचा हात हळूच खाली ठेवला, चप्पल घातली आणि गेली. पुढे कुठलीच नवरी तिच्याकडे गेली नाही. ती स्कूटरवरून आठवडी बाजार करायला लागली. शाळेच्या पोरी, ऊसतोडीच्या बायका, म्हाताऱ्या, यांना भरायची. आमचं बोलणं बंद. मी चुकले हे मला त्याच संध्याकाळी कळलं होतं. पण मोठ्या जावेने जायचं कसं, या तोऱ्यात आठ वर्षं गेली.

मृण्मयी म्हणाली, दहा दिवसांच्या आत ऑपरेशन झालं पाहिजे, नंतर तुकडे वेडेवाकडे जुळायला लागतात. म्हणजे आता तोऱ्याला वेळ नव्हता.

दुसऱ्या दिवशी सकाळी गळ्यात हात अडकवून मी एकटीच कांचनच्या दारात गेले. ती ओट्यावर बांगड्या निवडत बसली होती. केस बरेच पिकलेत, मला वाटलं. तिलाही माझ्याबद्दल तेच वाटलं असणार.

"आक्का," ती म्हणाली. उठली नाही. "अडला हरी, गाढवाचे पाय धरी?"

"अगं, गाढव कशाला म्हणवून घेतेस स्वतःला?"

"म्हणजे पाय धरायला आलात हे खरं."

करमाळ्यात बातमी माणसाच्या आधी पोचते. बँडचं, पत्त्यांचं, सगळं तिला ठाऊक होतं. हसू दाबताना तिचे गाल थरथरत होते, पण डोळे हसत नव्हते.

"एक विचारू, आक्का? हात पाहिजे म्हणून आलात, का चुकलं म्हणून आलात?"

गोड बोलायचं मी वाटेत पाठ केलं होतं. ते सगळं सोडलं. "हात पाहिजे म्हणून आले," मी म्हटलं. "चुकलं हे आठ वर्षं ठाऊक आहे. पण यायला तोंड नव्हतं. आता मनगट मोडलं म्हणून निमित्त मिळालं. नसतं मोडलं तर बहुतेक आलेच नसते. मी ही अशी आहे, कांचन. मला माफ कर."

ती पुन्हा बांगड्या निवडायला लागली. निळ्या एकीकडे, लाल एकीकडे. मग उठून आत गेली. मला वाटलं, आता कडी लावेल. तर आतून आवाज आला, "चहात आलं चालतं ना अजून, का तेही बदललं?"

मी त्या ओट्यावर बसून रडले. डाव्या हाताने डोळे पुसता येत नाहीत धड, हेही त्या दिवशी कळलं.

दवाखान्यात कांचनच्या उजव्या हातात पातळ हातमोजा चढवला, बोटाबोटाला तारा असलेला. पण बांगड्या भरायच्या कुणाला? पहिला हात मृण्मयीने पुढे केला. मग नर्सबाईंनी. मग कंबरेचं ऑपरेशन झालेल्या एका आजींनी खाटेवरूनच हाक मारली, "ए बाई, मला हिरव्या घाल गं!" तासाभरात वॉर्डातल्या झाडून साऱ्या बायका रांगेत. एक दाढीवाले कंपाउंडर बायकोसाठी माप घेऊन आले, त्यांना कांचनने हाकलून दिलं. आमचे हे बांगड्यांचे खोके पुरवत होते. दोन वर्षं बँड घातल्याची शिक्षा म्हणून.

संध्याकाळी यंत्र पुन्हा बसलं. हाडं माझी, काम कांचनचं. निकाल बघून मृण्मयीने खुर्ची माझ्याजवळ ओढली.

"प्लेट, शंभरात एक्केचाळीस. तुमच्या अंगठ्यावर एका बांगडीला सहा-सात किलोचा जोर येतो, तोही मनगट वाकलेलं असताना. आणि लग्नसराईत असं दिवसाला तीनशे वेळा. सातव्या महिन्यात दोरी झिजायला लागते. एकोणिसाव्यात तुटते."

"आणि डिंक?"

"अठ्ठ्याऐंशी. आत धातू राहतच नाही, घासायला काही नाही. मनगट थोडं कमी वाकेल, पण अंगठा शाबूत. फक्त डिंक सुरुवातीला पिळाला कच्चा असतो. म्हणून सोबत दोन तारा, नंतर काढून घ्यायच्या, आणि सहा आठवडे आधाराची पट्टी. बोटं हलवायची, जोर लावायचा नाही. बांगड्या आठव्या आठवड्यानंतर."

मी बोटांवर मोजलं. चुडा साडेचार आठवड्यांवर होता.

"मग प्लेट घाल," मी म्हटलं.

"आई!" जुई ओरडली.

"प्लेट घाल. चुडा भरते, मग अंगठ्याचं बघू. हवं तर पुढे ती प्लेट काढून टाक."

"काढता येते," मृण्मयी म्हणाली, "पण तुमचं हाड पक्कं व्हायला वर्ष लागेल. तोवर चुडा सोडून एकही बांगडी भरायची नाही. वर्षभर, मावशी. जी बाई साधा बँड घालत नाही, ती वर्षभर अंगठा जपेल, यावर माझा विश्वास नाही. खरं सांगा, तुमचा आहे?"

मी ह्यांच्याकडे पाहिलं. ह्यांनी मान हलवली, नाही म्हणून. नवरा कधी नव्हे ते खरं बोलला तेही अशा वेळी!

जुई माझ्या पुढ्यात येऊन बसली. ती म्हणाली, "आई, मी उघडमिटीच्या घालते. एका दिवसाचा तर प्रश्न आहे."

"कासाराच्या पोरीच्या हातात झाकणं? माझी तिरडी बांध आधी!"

"मग लग्न पुढे ढकलते."

तेही जमणारं नव्हतं. जावईबापू जहाजावर, महिनाभराच्या सुट्टीवर येणारे. नंतर सहा महिने समुद्र.

मी मृण्मयीला म्हटलं, "मला तो तुटलेला अंगठा दाखव."

तिने दाखवला. एकोणीस महिन्यांनंतरचा माझा हात. चार बोटं मिटली. अंगठा तसाच ताठ. पुन्हा मिटली, पुन्हा ताठ. त्याच्यापुढे एक बांगडी धरली होती आणि त्याला ती लोटता येत नव्हती. बघवेना. माझ्याजवळ शिक्षण नाही, दिसणंही बेताचं. आहे तो हा अंगठा. बाया माझ्या हातात हात देतात, सासरचं रडतात, माहेरचं हसतात, आणि जाताना किणकिणत जातात. ते गेलं तर मी नुसती दुकानात बसलेली एक म्हातारी.

एका चुड्यासाठी सगळं घालवायचं? आणि तो चुडाच घालवायचा तर मग हे सगळं कशासाठी? कांचन दाराशी उभी होती, हातमोजा अजून हातात तसाच. तिच्याकडे नजर गेली आणि माझं मलाच हसू आलं. उत्तर समोर उभं होतं आणि मी यंत्राला विचारत बसले होते.

"डिंक लाव," मी मृण्मयीला म्हटलं. मग वॉर्डात सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "जुईचा चुडा कांचन भरेल."

आजींनी खाटेवरून मान वर केली. कांचन एक पाऊल मागे सरली.

"आक्का, नको. लोक बोलतील. पोरीच्या सासरची माणसं..."

"मी बोलले होते तेव्हा लोकांची कुठे वाट बघितली?"

ती हातमोज्याच्या तारा एकेक करून सोडवत राहिली. मग म्हणाली, "एकटी भरणार नाही. तेव्हा चारचौघांत उठवलंत मला. आता चारचौघांत माझ्या शेजारी बसायचं. डावा धड आहे ना तुमचा? दाबा तुम्ही, लोटते मी."

ऑपरेशनला फक्त हात बधिर केला होता. मी पूर्णवेळ जागी. सुईतून डिंक आत गेला, पडद्यावर चार तुकडे हळूहळू एकमेकांना भिडले. मी मृण्मयीला सांगत होते, तिसरा जरा डावीकडे घे. ती म्हणाली, मावशी, इथे मला शिकवू नका.

चुड्याच्या दिवशी मांडवात बायका दाटीवाटीने बसल्या. पाटावर जुई, तिच्यापुढे एकाच सतरंजीवर आम्ही दोघी, मांडीला मांडी लावून. मुलाची आत्या मिरजेहून आलेली, ठसठशीत कुंकवाची. तिने कांचनच्या कपाळाकडे पाहिलं आणि शेजारणीला कोपराने ढोसलं.

"कासारीण म्हणजे या... का?" तिने विचारलं.

"कासारीण आम्ही दोघी मिळून एक आहोत," मी म्हटलं. "अर्धी काढलीत तर अर्ध्याच बांगड्या मिळतील."

बायका हसल्या, आत्या नाही. मी जुईचा हात डाव्या हातात घेतला. दाबला. कांचनने पहिली बांगडी लावली आणि लोटली. कट्! दोन तुकडे माझ्या मांडीवर.

चुड्याची पहिलीच काच वाढवली! कांचन उठायच्या बेतात. मी तिच्या मांडीवर मांडी दाबून ठेवली. जुईचा हात लाकडासारखा ताठ होता. आमच्या तिघींचेही हात ताठ होते, खरं तर.

"सासूबाई काय म्हणायच्या गं?" मी कांचनला विचारलं. "मुकाट्याने भरलेली बांगडी चढत नाही. गिऱ्हाईक बोलतं ठेवावं."

"मग बोला की. आठ वर्षं तेच तर केलं नाहीत."

"मी केलं नाही? माझ्या दारावरून स्कूटर नेताना तू मुद्दाम हॉर्न वाजवायचीस!"

"वाजवायची. आणि तुम्ही बघायला बाहेर यायचात!"

"मी कचरा टाकायला यायची."

"रोज? बाजाराच्या वेळेलाच?"

जुई खुदकन हसली. हात लोण्यासारखा सैल पडला. मी दाबलं, कांचनने लोटलं, आणि बांगडी सरसर वर गेली. दुसरी गेली. तिसरी. आम्ही भांडत होतो, पोरगी खिदळत होती, बायका मध्येच कुणाची बाजू घ्यायची ते ठरवत होत्या, आणि काच चढत होती. माझा दाब कुठे संपतो आणि तिचा अंगठा कुठे सुरू होतो, ते मला कळेनासं झालं. एकवीस इकडे, एकवीस तिकडे. जुईने दोन्ही हात हलवले तेव्हा साऱ्या मांडवाला ऐकू गेलं.

चुडा भरून झाला की नवरी कासारणीच्या पाया पडते. जुईने कुणाला विचारलं नाही. ती सरळ कांचनपुढे वाकली. कांचनने पाय मागे घेतले. "आधी आईच्या," ती पुटपुटली.

"काकू, मान कासारणीचा," जुई म्हणाली आणि तिने ते पाय धरलेच.

कांचनने तिच्या डोक्यावर हात ठेवला. अखंड सौभाग्यवती हो, म्हणाली. आवाज फाटला होता, पण शब्द सगळ्यांना कळले. पुढे मिरजेच्या आत्याने स्वतःचाच हात पुढे करून हिरव्या दाखवा म्हणून सांगितलं, पण ते नंतर.

आता राहिली ओटी. नवरीच्या आईने कासारणीची ओटी भरायची असते. तबक समोर होतं, तांदूळ, नारळ, खण. ओटी डाव्या हाताने भरत नाहीत. आणि कांचनची ओटी तर आठ वर्षांत कुणी कुठल्याच हाताने भरली नव्हती.

पट्टीतून माझ्या उजव्या हाताची बोटं तेवढी बाहेर होती. जोर लावायचा नाही, मृण्मयीने बजावलं होतं. तांदळाला कसला जोर लागतो? मी बोटं तबकात घातली. अंगठा हळूच वाकला, बोटांना येऊन टेकला. महिनाभरात त्या हाताने केलेलं ते पहिलं काम.

"पदर पसर," मी म्हटलं.

कांचनने पदर पसरायला वेळ लावला. मांडव बघत होता. मी हात पुढे धरून थांबले, मला घाई नव्हती. मग तिने पदराची दोन टोकं उचलली आणि माझ्यापुढे धरली, आणि मी तांदूळ घातले. एकदा, दोनदा, पाच वेळा. बोटांत मावतील तेवढेच येत होते, आणि त्यातले निम्मे सतरंजीवर.

"आक्का, सांडताय," ती रडत रडत म्हणाली.

"सांडू दे," मी म्हटलं. "तू धरून ठेव."